परमुलुखांतील पगारपत्रक



दूरदेशीं पेढी काढावी, तेथें चार माणसें नेमावीं आणि महिन्याच्या महिन्याला त्यांच्या हातीं पगार ठेवावा, ही गोष्ट ऐकावयास फार सोपी आहे. माल समुद्रापलीकडे जातो, तसा पगारहि जाईल, इतकेंच तें, असें पुष्कळांस वाटतें. या विषयावर बोलण्याचा अधिकार वास्तविक एखाद्या हिशेबतपासनिसाचा किंवा वकिलाचा. मी पडलों एक सेवानिवृत्त शाळामास्तर. परीक्षा म्हणाल तर मॅट्रिकची, आणि परदेश म्हणाल तर बेळगांवच्या पलीकडे माझें पाऊल क्वचितच पडलें आहे. तथापि मुख्याध्यापक या नात्यानें शाळेचें पगारपत्रक मीं कित्येक वर्षें स्वतःच्या हातानें लिहिलें, रसीद-तिकिटावर अकरा शिक्षकांच्या आणि दोन शिपायांच्या सह्या घेतल्या, आणि एका बेरजेंत सात रुपयांची चूक झाल्यामुळें साऱ्या शाळेचा दिवाळीचा पगार अडकून पडलेला पाहिला. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर, आणि माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कृपेनें, आज मी आपल्यापुढें बोलण्यास बसलों आहें.

विषयास हात घालण्यापूर्वीं आपल्या भागांतील एका जुन्या रीतीची आठवण करून देतों. श्रोत्यांपैकीं जे विटा, खानापूर, आटपाडीकडचे, किंवा सातारा जिल्ह्यांतील माण-खटावकडचे असतील, त्यांना गलाई म्हणजे काय हें सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों. सोन्याचांदीचे जुने दागिने आणि सोनाराच्या दुकानांतील कीस-कचरा मुशींत आटवून त्यांतून शुद्ध धातु काढण्याचा हा धंदा. पावसानें पाठ फिरविलेल्या या टापूंतील माणसें गेल्या शतकांत घराबाहेर पडलीं आणि भारताच्या बहुतेक साऱ्या दिशांस त्यांनीं आपल्या भट्ट्या मांडल्या. गांवाकडून एखादें पोर हाताखालीं न्यावयाचें असलें कीं शेठ त्याच्या बापाशीं बोलत. खाणें-राहणें शेठच्या घरीं. पगार वर्षाच्या बोलीनें. यात्रेला गांवीं आलें कीं हिशेब. त्यांतले कांहीं बापाच्या हातीं, कांहीं शेठकडेच जमा. माझ्या पाहण्यांत ज्या ज्या घरीं हा व्यवहार झाला, तेथें कागद असा नव्हताच. आणि तरीहि फसवणूक क्वचितच होई. कारण शेठ आणि पोर एकाच गांवचे. शेठनें पैसे बुडविले असते, तर यात्रेंत पालखीला खांदा देतांना त्याला मान वर करतां आली नसती.

माझा हा विद्यार्थी अशाच एका गलाईवाल्याचा मुलगा. त्यानें सोन्याऐवजीं लोखंडाशीं नातें जोडलें, आयटीआयचा अभ्यासक्रम पुरा केला आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत पंपांचे सुटे भाग बनविण्याचें वर्कशॉप काढलें. धंद्यानें जोम धरला, माल दुबईच्या व्यापाऱ्यांकडे जाऊं लागला, आणि 2017 सालीं त्यानें दुबईंत स्वतःची शाखा काढून गांवाकडचे तीन तरुण तेथें पाठविले. तिघांच्याहि वडिलांना त्यानें घरीं जेवावयास बोलाविलें आणि सांगितलें कीं, पोरांना खर्चापुरता पैसा तिकडे रोख देईन, उरलेला पगार महिन्याच्या 1 तारखेस तुमच्या खात्यांत रुपयांत जमा होईल. बापांना याहून आणखी काय हवें? पोरगा उधळणार नाहीं, याची ती हमीच होती.

तीन महिने पगार अगदीं वेळच्या वेळीं पोंचला. मग त्यानें चौथ्या माणसासाठीं कामाच्या परवान्याचा अर्ज केला, तों तो अडला. चौकशी करतां उत्तर आलें कीं, आपण आपल्या तिन्ही नोकरांचा पगार तीन महिने दिलेलाच नाहीं. तो देईपर्यंत नवा परवाना मिळणार नाहीं. तो रविवारीं सकाळीं माझ्याकडे आला. "पैसं पोचल्यात की गुरुजी. बापांच्या पासबुकात नोंद हाय. मग दिलं न्हाईत म्हंजे काय?" हा त्याचा प्रश्न मला अजून आठवतो.

झालें होतें तें असें. संयुक्त अरब अमिरातींनीं 2009 सालीं वेतनसंरक्षणाची एक पद्धति सुरू केली. प्रत्येक नोकराचा करार सरकारदरबारीं नोंदलेला असतो आणि त्यांत पगाराचा आंकडा असतो. मालकानें तो पगार त्याच देशांतील बँकेमार्फत अथवा परवाना असलेल्या हुंडणावळीच्या पेढीमार्फत द्यावयाचा आणि सोबत प्रत्येक नोकराचा क्रमांक व रक्कम यांची यादी द्यावयाची. ही यादी तेथील मध्यवर्ती बँकेच्या यंत्रणेंतून जाते, आणि करारांतला आंकडा व पोंचलेला आंकडा जुळतो कीं नाहीं हें मजूर खात्याला बसल्या जागीं दिसतें. सांगलीच्या बँकेंत बापाच्या नांवें भरलेला रुपया त्या यादींत येतच नाहीं. त्यामुळें खात्याच्या दृष्टीनें तीन माणसें तीन महिने उपाशी होतीं.

मीं त्याला म्हटलें, "अरे, ही गोष्ट तुला परकी वाटते, मला ती वाटत नाहीं." आमच्या शाळेंत एका शिक्षिकेचे सासरे दर महिन्याला पगाराच्या दिवशीं येऊन कचेरीबाहेरच्या बांकावर बसत. सूनबाईचा पगार माझ्या हातीं द्या, असा त्यांचा आग्रह. वयानें वडील, गांवांत मान असलेला गृहस्थ. नाहीं म्हणणें जड जाई. परंतु तिकिटावर सही जिची, पैसा तिच्याच हातीं, हा नियम मीं मोडला नाहीं. घरीं गेल्यावर तिनें तो कोणाला द्यावा, हा तिचा प्रश्न. दुबईच्या मजूर खात्यानें माझ्या विद्यार्थ्याला याहून निराळें कांहीं सांगितलें नव्हतें. त्या तिघांच्या बाबतींत मग तसेंच झालें. तेथील बँकेंत त्यांच्या नांवें खातीं निघालीं, मागील पगार नव्यानें त्या मार्गानें द्यावा लागला, आणि बापांच्या खात्यांत गेलेली रक्कम पुढील काळांत हप्त्याहप्त्यानें वळती करून घेण्यांत आली. दोन घरांनीं हें समजून घेतलें. तिसऱ्या घरीं बरेच दिवस अबोला होता.

येथें नाण्याचाहि एक मुद्दा आहे. दिरहम 1997 पासून अमेरिकन डॉलरशीं ठराविक दरानें, एका डॉलरास 3.6725 दिरहम असा, बांधलेला आहे. रुपया तसा बांधलेला नाहीं. 2017 मध्यें एका दिरहमास सुमारें साडेसतरा रुपये पडत. 2023 मध्यें बावीसच्या वर. ज्याचा पगार रुपयांत ठरला असता, त्याला सहा वर्षांनीं तोच रुपया तेथें कमी भाकरी देता, कारण घरभाडें आणि वाणी दोघेहि दिरहमांत मागतात. ज्या गांवीं नोकर राहतो, त्या गांवच्या नाण्यांत पगार ठरवावा. घरीं किती धाडावयाचे हें त्याचें त्यानें पाहावें.

आतां दुसरी गोष्ट सांगतों. ती अधिक जिव्हारीं लागणारी आहे. 2023 च्या फेब्रुवारीअखेर त्या तिघांपैकीं एकानें सहा वर्षांची नोकरी पुरी करून परत यावयाचें ठरविलें. मार्चमध्यें एका दुपारीं त्याचे वडील सायकलीवरून माझ्या घरीं आले व एक घडी घातलेला कागद त्यांनीं माझ्यापुढें ठेवला. मुलाला सेवाअखेरची रक्कम किती मिळणार, याचा तो हिशेब होता. विकास सोसायटीचें पीककर्ज मार्चअखेर भरलें तर व्याजाची सवलत, न भरलें तर ती गेली. आणि भरणा सारा या रकमेवर अवलंबून. "येवढंच हुतंय का बघा गुरुजी," ते म्हणाले. त्यांना संशय नव्हता; फक्त आंकडा अपेक्षेहून लहान वाटला होता.

कागदावर 6,230 दिरहम लिहिले होते. मूळ पगार 1,800 दिरहम. भत्ते निराळे, ते यांत धरावयाचे नसतात. मीं पाहिलें तों हिशेब बिनचूक होता. पण तो आपल्या देशाचा होता. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानें जी रीत रूढ झाली, तींत महिन्याचे कामाचे दिवस 26 धरतात आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षास 15 दिवसांचा पगार देतात. 1,800 ला 26 नीं भागा, 15 नीं गुणा, 6 नीं गुणा, 6,230 येतात. अमिरातींचा कायदा निराळा आहे. तेथें पहिल्या पांच वर्षांस दरसाल 21 दिवस, पुढील प्रत्येक वर्षास 30 दिवस, आणि महिना 30 दिवसांचा. म्हणजे पांच वर्षांचे 105 दिवस व सहाव्याचे 30, मिळून 135, रोजचा दर 60 दिरहम, एकूण 8,100. फरक सुमारें 1,870 दिरहमांचा, म्हणजे त्या वेळच्या भावानें 40,000 रुपयांहून अधिक. शिवाय तेथील नियमानें नोकरी संपल्यापासून 14 दिवसांच्या आंत हा सारा हिशेब चुकता करावयाचा असतो, आणि ते 14 दिवस उलटून गेले होते.

मीं त्याच संध्याकाळीं विद्यार्थ्याला बोलावून घेतलें. त्याच्या मनांत खोट नव्हती, हें मी शपथेवर सांगेन. वर्कशॉपचा हिशेब पाहणारा सांगलीचा कारकून वीस वर्षें ज्या रीतीनें आंकडे मांडीत आला, त्याच रीतीनें त्यानें तेहि मांडले. परंतु ज्याचे पैसे कमी पडतात, त्याला मालकाच्या मनाच्या निर्मळपणाचा काय उपयोग? हें मीं त्याला स्पष्ट सुनावलें. शाळेंत असतांना मी त्याच्या हातावर छडी मारीत असें. त्या दिवशीं तो छडी खाल्ल्यासारखाच खालीं मान घालून बसला होता. फरकाची रक्कम दुसऱ्याच दिवशीं निघाली आणि सोसायटीचा भरणा 29 तारखेस झाला.

यावरून या विषयांतील पहिलें सूत्र ध्यानांत येईल. मालक कोठला, कंपनी कोठली, नोकर कोणत्या गांवीं जन्मला, यापेक्षां काम कोणत्या भूमीवर होतें याला महत्त्व आहे. तेथील किमान वेतन, तेथील सुट्या, तेथील कर, तेथील कपाती आणि नोकरी सुटतांना द्यावयाच्या रकमा, हें सारें प्रायः त्या भूमीबरोबर येतें. सांगलींत बसून केलेला करार त्यास मुरड घालूं शकत नाहीं.

मुलूख बदलला कीं कायदा बदलतो, ही गोष्ट आपल्या भागाला वस्तुतः नवी नाहीं. 1910 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगांव सोडून कुंडलच्या माळावर आले, तेव्हां ते ब्रिटिश हद्दींतून औंध संस्थानांत आले होते. औंधाधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं त्यांना जागा दिली. जागा म्हणजे निवडुंग आणि साप यांचें रान. भोंवतालीं ब्रिटिशांचा सातारा जिल्हा, पलीकडे सांगलीकर पटवर्धनांचें संस्थान. कुंडलरोड स्टेशनांत उतरून कारखान्यावर येणारा कामगार एका राज्यांत झोंपे आणि दुसऱ्या राज्यांत घण मारी, असें सहज घडे. पुढें 1941 सालीं किर्लोस्करांचा यंत्रें बनविण्याचा कारखाना हरिहर येथें निघाला. तो म्हैसूर संस्थानांत. आज हे सारे एकाच प्रजासत्ताकाचे भाग आहेत आणि वाडीहि प्रथम 1949 मध्यें नव्यानें झालेल्या दक्षिण साताऱ्यांत व मग 1960 मध्यें त्याचेंच नांव बदलल्यामुळें सांगली जिल्ह्यांत आली. (ज्या मासिकांनीं आपल्या घरांतील मागच्या पिढ्यांस वाचनाची गोडी लाविली, तीं किर्लोस्कर आणि स्त्री हीं मासिकें याच वाडींतून निघत, हें जातां जातां सांगून ठेवतों.)

त्याच वाडींत ज्या कंपनीचा मोठा कारखाना आहे, त्या किर्लोस्कर ब्रदर्सनें 2003 सालीं इंग्लंडांतील एस्. पी. पी. पंप्स ही जुनी कंपनी विकत घेतली. ग्लॉस्टरशायरमधील कोलफर्ड गांवीं तिचा कारखाना आहे. या उदाहरणांत आपल्या विषयाच्या दृष्टीनें शिकण्यासारखें आहे. जेव्हां एखादी चालती कंपनी भागांसकट विकत घेतली जाते, तेव्हां मालकाचा मालक बदलतो. नोकर ज्या कंपनीशीं करारानें बांधलेला असतो ती कंपनी तीच राहते. त्यामुळें पगारपत्रक, त्यांतले कपातीचे रकाने, तें लिहिणारे कारकून आणि सरकारदरबारींची नोंद हें सारें तयार मिळतें. नव्या धन्यानें शहाणपणानें एवढेंच करावयाचें कीं, त्यास हात लावण्यापूर्वीं तें वाचावयास शिकावें. हा मार्ग सर्वांत निर्धोक, परंतु तो थोरामोठ्यांचा. कुपवाडच्या वर्कशॉपवाल्याला कंपन्या विकत घेतां येत नाहींत.

त्यानें दुसरा मार्ग धरला. वाडीचा पंप इंग्लंडांत जातो, तर माझा इंपेलर कां जाऊं नये, या जिद्दीनें त्यानें गेल्या वर्षीं तेथें स्वतःची लहानशी कंपनी नोंदविली आणि एक इंग्रज विक्रेता नेमण्याचें ठरविलें. या खेपेस मात्र तो आधीं माझ्याकडे आला. मला तरी काय ठाऊक? पण निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि इंग्लंडचें सरकार आपले नियम साध्या भाषेंत छापतें. आम्ही दोघे शब्दकोश घेऊन बसलों.

इंग्लंडांत पगारांतूनच कर कापून घेण्याची पद्धति 1944 पासून आहे. तिचा इतिहास मोठा चटका लावणारा आहे. महायुद्धामुळें ज्यांना पूर्वीं प्राप्तीकर ठाऊकहि नव्हता अशा लक्षावधि कामगारांवर तो बसला, आणि वर्षांतून दोनदां मोठी रक्कम एकदम भरणें त्यांना अशक्य होऊं लागलें. तेव्हां अर्थमंत्री सर किंग्स्ली वुड यांनीं जसजसें मिळवाल तसतसें भरा, ही योजना सिद्ध केली. 21 सप्टेंबर 1943 रोजीं ती पार्लमेंटांत जाहीर व्हावयाची होती, आणि त्याच दिवशीं सकाळीं ते अकस्मात् निवर्तले. योजना मात्र टिकली. तींत प्रत्येक नोकराला सरकार एक सांकेतिक अंक देतें. सामान्यतः तो 1257 आणि पुढें एल हें अक्षर. वर्षाला 12,570 पौंड करमुक्त. त्याचा शेवटला आंकडा गाळला कीं 1257. मालकानें तेवढें पाहून दर पगाराला कर कापावयाचा. 2013 पासून तर पगाराच्या दिवशींच किंवा त्यापूर्वीं, कोणाला किती दिले व किती कापले याची वर्दी संगणकाद्वारें करखात्याला द्यावी लागते. आमच्या शाळेचें पगारपत्रक पंचायत समितींत पोंचावयास आठ दिवस लागत, त्याची मला आठवण झाली.

त्यांचें करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतें. आमच्या 1 एप्रिलच्या पुढें हे पांच दिवस कोठून आले? पूर्वीं इंग्रजांचें वर्ष 25 मार्चला सुरू होई. 1752 सालीं त्यांनीं नवें पंचांग स्वीकारतांना 11 दिवस गाळले. सरकारी हिशेब मात्र ते दिवस सोडण्यास तयार झाला नाहीं, म्हणून वर्षारंभ पुढें सरकला. पावणेतीनशें वर्षांपूर्वीं गाळलेल्या दिवसांसाठीं कुपवाडच्या कारकुनाला आज दोन निराळे ताळेबंद जुळवावे लागतात.

खरा फटका दुसरीकडे होता. विक्रेत्याला वर्षाला 30,000 पौंड द्यावयाचे ठरले, आणि माझ्या विद्यार्थ्यानें मालाचे भाव तेवढाच खर्च धरून गिऱ्हाइकांना कळवूनहि टाकले. पण नोकराच्या हातीं पडणारा पगार एक, करारांतला दुसरा, आणि मालकाला पडणारी किंमत तिसरी. पहिली सर्वांत लहान, तिसरी सर्वांत मोठी. एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या दरानें मालकाला नोकराच्या 5,000 पौंडांवरील पगारावर 15 टक्के राष्ट्रीय विम्याची वर्गणी आपल्या पदरची भरावी लागते. ती 3,750 झाली. शिवाय निवृत्तिवेतनाच्या निधींत निदान 3 टक्के, ते 6,240 पौंडांच्या वरील रकमेवर. ते सुमारें 713. म्हणजे 30,000 चे 34,463 झाले. लहान मालकांना विम्याच्या वर्गणींत कांहीं सूट मागतां येते. पण तिच्यासाठीं अर्ज करावा लागतो आणि तिच्या अटी असतात. भाव कळविल्यानंतर ती शोधीत बसणें हें परीक्षेची घंटा झाल्यावर पाठ करण्यासारखें आहे.

प्रत्येक देशाच्या अशा कांहीं खोडी आहेत. हॉलंडांत नोकराला वार्षिक पगाराच्या निदान 8 टक्के सुटीभत्ता देण्याचा कायदा आहे आणि तो बहुधा मे महिन्यांत देतात. फिलिपीन्समध्यें 24 डिसेंबरच्या आंत तेरावा पगार हातीं पडलाच पाहिजे. आपल्याकडच्या 1965 च्या कायद्यांतला किमान बोनस 8.33 टक्के कां, असें मी वरच्या वर्गांतील मुलांना विचारीत असें. एकास बारानें भागून पाहा, म्हणजे तोहि तेरावाच पगार आहे हें दिसेल.

आतां भविष्यनिर्वाह निधीविषयीं थोडें. आपला माणूस कांहीं वर्षांसाठीं तिकडे पाठविला, त्याचें मूळ खातें येथेंच चालू आहे, आणि तिकडचें सरकारहि निवृत्तीसाठीं कपात मागतें, अशा वेळीं एकाच पगारास दोन कात्र्या लागतात. यासाठीं भारतानें कित्येक देशांशीं करार केले आहेत. बेल्जियमशीं झालेला करार 2009 मध्यें प्रथम अमलांत आला. पुढें हॉलंड, जर्मनी, जपान इत्यादि देशांशीं तसे करार झाले. नोकर निघण्यापूर्वीं भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरींतून त्याच्या नांवाचा दाखला घ्यावयाचा. तो दाखविला म्हणजे ठराविक मुदतीपर्यंत तिकडची कपात टळते. निघाल्यावर दाखल्यासाठीं धांवाधांव करणारेच मला अधिक भेटले. अमेरिकेशीं मात्र असा करार नाहीं. तेथें नोकराच्या पगारांतून 7.65 टक्के जातात, मालकालाहि तितकेच भरावे लागतात, आणि त्यांतील निवृत्तिवेतनाचा लाभ मिळण्यास सामान्यतः दहा वर्षांच्या नोकरीइतकी जमा लागते. आपले बहुसंख्य तंत्रज्ञ ज्या परवान्यावर जातात, त्याची सर्वसाधारण मर्यादा सहा वर्षांची. ज्यांना कायमचा वास मिळाला नाहीं, त्यांचा तो पैसा बहुधा गेलाच म्हणावयाचा. मला हा न्याय दिसत नाहीं, आणि आपल्या घरांतील मुलगा तिकडे असेल तर आपल्यालाहि दिसणार नाहीं.

आणखी एका भ्रमाचें निरसन केलें पाहिजे. 183 दिवसांच्या आंत परतलें कीं तिकडचा कर नाहीं, असें जो तो सांगत असतो. करसंधींत हा आंकडा आहे खरा, परंतु तो एकटा नाहीं. पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नसावा आणि पगाराचा बोजा तेथील शाखेवर पडलेला नसावा, या दोन अटी त्याच्या दोहों बाजूंस उभ्या आहेत. माणूस शंभरच दिवस राहिला, पण त्याचा पगार तेथील शाखेच्या खर्चीं टाकला, तर सवलत हातची गेली. उलट, तिकडे शाखा नसतांना एकटाच माणूस ठेवून त्याच्या हातून करारमदार करूं लागलें, तर खुद्द धंद्यालाच त्या देशाचा कर लागूं शकतो.

ज्याला एकदोन माणसांनीं सुरुवात करून पाहावयाची आहे, त्याच्यासाठीं अलीकडे एक तिसरा मार्ग निघाला आहे. तिकडचीच एखादी पेढी कागदोपत्रीं नोकराची मालक होते. पगार, कर, विमा, सुट्या सारें ती पाहते आणि दरमहा माणसागणिक आपला आकार घेते. काम मात्र आपलें होतें. परक्या गांवीं प्रथम भाड्याच्या खोलींत राहावें, तसें हें आहे. नोकर दोनाचे दहा झाले कीं भाडें जड होतें, मग स्वतःचें घर बांधावें. पण त्या पेढीनें वेळेवर कर भरला कीं नाहीं, याच्या पावत्या मागावयास लाजूं नये.

माझ्या विद्यार्थ्यानें आतां एक गोष्ट सुरू केली आहे, तिचें मला समाधान आहे. दुबईच्या नोकरांना पगाराची चिठ्ठी इंग्रजींत मिळते; तिची मराठी प्रत तो प्रत्येकाला देतो. मूळ पगार किती, भत्ता किती, सेवाअखेरची रक्कम आजपर्यंत किती साठली, हें तींत असतें. ती घरीं धाडावी कीं नाहीं, तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. त्या तिसऱ्या घरचा अबोलाहि सुटला. पोरानें पहिली चिठ्ठी बापालाच पाठविली.

आणि जो सहा वर्षांनीं परत आला, त्यानें पलूसला मोटारी भरण्याचें दुकान टाकलें आहे. विहिरीवरच्या विजेच्या मोटारी तो भरून देतो. हाताखालीं दोन पोरें आहेत. परवां त्याच्या दुकानावरून जातांना मीं सहज विचारलें, "काय रे, यांची हजेरी कोठें मांडतोस?" त्यानें हंसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखविलें. दोघांच्या खाड्यांच्या फुल्या एकाच पेन्सिलीनें मारलेल्या होत्या, आणि कोणती कोणाची हें त्याचें त्यालाहि सांगतां येईना.